फाटकापर्यंतचा चष्मा

मी चष्मा बोलतोय. जरा जपून उचला, माझी डावी काडी सैल आहे. काचांवर ओरखडेही पुष्कळ आहेत, पण ते म्हातारपणाचे नव्हेत. मला रोज आंघोळ घालायचे, आणि तीही आम्लाची.

माझी मालकीण विषाणुतज्ज्ञ. गाईगुरांच्या लाळ्या-खुरकुतावर तिने उभी हयात घालवली. हा आजार शिरला की जनावराचं तोंड आणि खूर फोडांनी भरतात, चारा सुटतो, दूध आटतं. ज्या इमारतीत हा विषाणू ठेवलेला, तिथे जाताना कपडे, घड्याळ, कानातलं, सगळं बाहेर काढून ठेवायचं. आतले कपडे आतच राहणार. संध्याकाळी डोक्यावरून न्हायल्याशिवाय कोणाची सुटका नाही. रोज आत-बाहेर करणारा मी एकटाच. ती न्हायची आणि मी द्रावणाच्या भांड्यात गटांगळ्या खात पडायचो. काचा दोन-तीनदा बदलल्या, फ्रेम मात्र हीच. नवऱ्याने एकदा नवा चष्मा आणून दिला, तर म्हणे, त्याचेही हेच हाल होणार, हाच बरा. झालं, माझी निवृत्ती लांबली.

सगळ्यांत जाचक नियम वेगळाच होता. आत गेलेल्या माणसाने पुढचा आठवडाभर खुरांच्या जनावराजवळ फिरकायचं नाही, कारण विषाणू नाका-घशात दडूनही बाहेर येऊ शकतो. आता गंमत बघा, हिच्या वडिलांचा दुधाचा धंदा! शहराबाहेर त्यांचा गोठा आणि त्याला लागूनच घर. ही त्याच गोठ्यात वाढलेली.

सुरुवातीला ती रजा काढून, नियमाचे दिवस पाळून जायची. अशाच एका भेटीनंतर गोठ्यात आजार शिरला. कोवळी वासरं दगावली. हिने फोडांचे नमुने मागवून स्वतः तपासले. विषाणू वेगळ्याच जातीचा निघाला, आमच्या इमारतीत कधी नसलेला. शेजारच्या कळपातून आला होता. तीही सुटली आणि मीही सुटलो. पण मनाची समजूत कोण घालणार? तिने ठरवून टाकलं, आता गाईंसाठी नवी लस हातात घेऊनच गोठ्यात पाऊल टाकायचं.

तेव्हापासून नियमाचे दिवस पाळूनही आम्ही फाटकापर्यंतच. वडील खुर्ची ओढत फाटकाशी आणून बसायचे, ही रस्त्यावर उभी. चहाचा कप गजांमधून बाहेर यायचा आणि रिकामा होऊन आत जायचा. आम्ही निघालो की ते दर वेळी म्हणायचे, आत ये की गं. ही दर वेळी घड्याळ बघायची.

तिला हवी होती ती लसही साधीसुधी नव्हे. जुन्या लशीसाठी जिवंत विषाणू मोठमोठ्या टाक्यांत वाढवून मग मारावा लागतो. तो निसटला तर घात. हिचं म्हणणं, अख्खा विषाणू हवाच कशाला? त्याच्या अंगावरचा इवलासा तुकडा, ज्याला पेप्टाइड म्हणतात, तेवढाच रसायनांतून जोडून बनवू. तेवढ्या खुणेवरून शरीर शत्रूला ओळखायला शिकेल. गिनिपिगांत ते जमलंसुद्धा. त्या दिवशी तिने मला डोक्यावर चढवलं आणि भर प्रयोगशाळेत रडली.

मग गाईंची पाळी आली. काही तगल्या, बऱ्याच आजारी पडल्या. तुकडा बदलला, तो जोडायची रीत बदलली, पुन्हा तेच. वर्षामागून वर्षं गिनिपिग हो म्हणायचे आणि गाई नाही म्हणायच्या. हाताखालची मुलं शिकून मोठी झाली, हिचे सत्कार झाले, शाली कपाटात पडल्या. घरी आली की ती मला टेबलावर ठेवायची आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून बसायची. मी थकलो होतो, पण ती माझ्याहून जास्त.

शेवटी ती निवृत्त झाली. त्या दिवशीही मला बुचकळायला विसरली नाही. मग नियमाचा आठवडा, त्यावर स्वतःच्या भीतीचा आणखी एक, असं करून आम्ही फाटकाशी गेलो. वडील आता पार वाकले होते. त्यांची खुर्ची हिच्या धाकट्या भावाने आणून ठेवली.

"बाबा, नाही जमलं," ती म्हणाली. "लस घेऊनच आत येणार होते मी."

ते म्हणाले, "मी लशीची वाट बघत होतो, असं कोणी सांगितलं तुला?"

आणि त्यांनी फाटकाची कडी काढली.

गोठ्याच्या दारात ती थबकली. तेवढ्यात एका म्हाताऱ्या गाईने मान लांबवली, तिचं तोंड हुंगलं आणि भस्सकन श्वास सोडला. माझ्या काचा गच्च धुरकटल्या. इतकी वर्षं मी हिला नळ्या दाखवल्या, आकडे दाखवले, पण तेव्हा मला काही म्हणजे काही दिसेना. तिने मला पुसायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला.

हल्ली तिच्या नाकावर नवा चष्मा असतो. मी गोठ्याच्या खिडकीत पडून असतो आणि ती रोज चारा घालते ते बघतो. तुम्ही मला उचललंच आहे तर एवढं ऐका. उजव्या काचेवर त्या श्वासाचा डाग वाळलाय. तेवढा पुसू नका. आता आंघोळ पुरे.