बर्फावरचं नाणं

मी फ्रिज दुरुस्त करतो आणि लोकांच्या खोड्या काढतो. दोन्ही धंदे तीस वर्षं जोरात चाललेत. पण त्या आठवड्यात मला कुणाची तरी मान मुरगळायची होती, फक्त कुणाची ते ठरत नव्हतं.

नात अडीच वर्षांची. बुधवारी ताप, गुरुवारी शीमध्ये रक्त, शुक्रवारी हाताला सलाईन. एरवी माझ्या चपला लपवून मलाच घरभर नाचवणारी कार्टी नुसती छताकडे बघत पडली होती.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन बसल्या. "न उकळलेलं दूध दिलं होतं? अर्धं कच्चं अंडं? घरात कासव, पक्षी, काही पाळलंय?"

"जावई," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. जावई तर नाहीच.

"कच्च्या चिकनचा हात तिच्या बाटलीला लागला असेल?"

लेकीनं सरळ आईकडे पाहिलं. "रविवारी तू सिंकमध्ये चिकन धुतलंस, आई. बाटल्या बाजूलाच होत्या."

"अगं, मी नंतर साबणानं..."

"पुरे."

"चिकन धुवायचंच नसतं, शिंतोडे उडतात," बाई म्हणाल्या. "मोठ्यांना जे पचून जातं ते एवढ्या पोटाला झेपत नाही."

आमच्या हिनं जेवणच सोडलं. दुपारी डबा उघडला नाही, रात्रीही नाही. मला लेकीचा राग आला, कागदाचा आला, त्या मेलेल्या कोंबडीचाही आला.

शनिवारी सकाळी शेजारच्या खाटेवर आमच्या गल्लीतल्या शिंपिणीचा मुलगा आला. तोच ताप, तेच रक्त. आणि पाळणाघरही तेच, आमच्या नातीचं. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

पाळणाघरवाल्या बाई म्हणजे टापटिपीचा कळस. पोरांचे हात दहा वेळा धुतील, डब्यांवर नावं मोत्यासारख्या अक्षरात लिहितील. तिथला जुना फ्रिज माझ्याच हातचा. दुपारी 'दाराचं रबर बघतो' म्हणून गेलो आणि बर्फाच्या कप्प्यात मागे एक पेला सरकवला. पेल्यात घट्ट बर्फ, बर्फावर एक नाणं. 'फ्रिज एक मिनिटही बंद नव्हता हो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ही माझी जुनी खोडी. बर्फ वितळला की नाणं तळाला बसतं. पुन्हा गोठलं तरी वर येत नाही.

सोमवारी एकही पोर यायच्या आत हजर झालो. फ्रिज गुणगुणत होता. सोमवारसाठी आयांनी शनिवारीच ठेवलेले डबे, दुधाच्या बाटल्या, सगळं गारेगार. पेल्यातला बर्फही दगड.

नाणं तळाला.

"बाई, फ्रिज बंद केला होता?"

"हो की. दर शनिवारी दुपारी करते, रविवारी संध्याकाळी लावते."

इतकं सरळ उत्तर. मला वाटलं होतं खोटं बोलेल, मग मी पेला नाचवीन, मग तिची खरडपट्टी काढीन. आयती मजा हुकली म्हणून अजूनच भडकलो. "दीड दिवस उबेत पडलेलं दूध पोरांना पाजता? कुठल्या दीडशहाण्यानं शिकवलं हे?"

"तुम्हीच, भाऊ."

तिनं फ्रिजच्या बाजूला, बटणापाशी चिकटवलेला कागद दाखवला. मोत्यासारखं अक्षर: 'शनिवार दुपार बंद. मशीनचं वय झालं आहे, रविवारची सुट्टी द्यावी, नाहीतर संप करेल. मेकॅनिकभाऊंची सूचना.'

उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसवताना बोललो होतो. तिनं मान डोलावली तेव्हा गालातल्या गालात हसलो होतो. चहाच्या टपरीवर आठवडाभर तोच किस्सा रंगवून सांगितला होता.

"काही चुकलं का?" तिनं विचारलं. तेव्हा तिलाच झापावंसं वाटलं, कारण आपल्याच मुस्काटात मारायला हात नीट पोचत नाही.

सगळे डबे कचऱ्यात ओतले. बटणावर चिकटपट्टी मारली. मग दारात उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगितलं, काय झालं आणि कुणामुळे. एक म्हणाली, "काका, तुमची मस्करी पुरे." तिला दोनदा सांगावं लागलं.

कागद उपटून दवाखान्यात गेलो. लेकीच्या हातात दिला. "तुझ्या आईला उगाच बोललीस. हे वाच."

लेकीनं वाचला आणि माझ्याकडे न बघता आईपुढे डबा उघडून ठेवला. आमच्या हिनं कागद दोनदा वाचला.

"यात हसायचं कुठे होतं, तेवढं सांगा," ती म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला माझा विनोद समजावून सांगायला लावला. मला जमलं नाही.