कोपऱ्यातला हातभर दोरा

भाविनीने कात्रीची पाती दोऱ्यावर टेकवली आणि ती थांबली. लेकीच्या, जिजाच्या पैंजणांचा आवाज येत नव्हता. तिने झटकन मान वर केली. जिजा पडवीच्या पायरीशी बसून वाळूत चमचा खुपसत होती. पाय घोट्यापर्यंत वाळूत पुरलेले, म्हणून पैंजण गप्प. एवढंच. भाविनीने श्वास सोडला आणि कात्री पुन्हा नीट धरली.

"काय कापतेस गो?"

तिचे सासरे नारू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाळं पसरून बसले होते. नजर जाळ्यावर, हात सुईवर. तरी त्यांना दिसलं होतं.

"काही नाही बाबा. शेपूट."

"कुनाचं?"

"चौकोनाचं. कोपऱ्यात दोरा राहिलाय ना, तो."

नारूंची सुई थांबली. ते गुडघ्यावर हात देत उठले, अंगण ओलांडून आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. कात्री त्यांनी काढून घेतली नाही. आपला अंगठा तेवढा दोन पात्यांमध्ये ठेवला.

"आता काप," ते म्हणाले.

भाविनीने कात्री बाजूला ठेवली. मग जिजाचा हात पोचेल म्हणून ती उचलून खिडकीच्या फळीवर ठेवली.

मांडीवरचा चौकोन वीतभर लांब, वीतभर रुंद. पांढऱ्या सुताची हाताने गाठलेली जाळी, आणि तिच्यातली काही घरं सुईने भरून काढलेलं चित्र. पलीकडे मोबाइलवर पुण्याच्या वैजयंतीताईंचा निरोप उघडाच होता : 'चौकोन सुरेख झालाय. फक्त कोपऱ्यात एक लांब दोरा राहून गेलाय. तेवढा कापून, टोक आत लपवून पाठव. बुधवारपर्यंत पोचायला हवा.' खाली हसणारा सूर्य.

"लेसवेड्या" हा ग्रुप वैजयंतीताईंचा. दोनशेबारा बायका, पुणे, नाशिक, अकोला, दोघी तर दुबईला. जिजा सहा महिन्यांची असताना भाविनी त्यात शिरली होती. एका हाताने पोरीला छातीशी धरायचं आणि दुसऱ्याने लेसचे फोटो सरकवत बसायचं. बी.कॉम. झालेली, वाणगावच्या दुकानात दोन वर्षं बिलं केलेली मुलगी लग्नानंतर वाढवणला आली, नवरा नयन बोटीवर, आणि ती दिवसभर पोरीचा श्वास मोजत बसली होती. त्या फोटोंनी तिला धरून ठेवलं. कुणी क्रोशाची लेस करायची, कुणी टॅटिंगची. लीलाकाकू नावाच्या अकोल्याच्या एक बाई काहीच दाखवायच्या नाहीत. रोज पहाटे साडेपाचला एक गुलाब आणि 'शुभ सकाळ', बस.

एकदा कुणीतरी जाळीच्या लेसचा फोटो टाकला. आधी गाठींची जाळी करायची, मग तिच्यात भरायचं. ताईंनी खाली लिहिलं, 'ही गाठ आता कुणाला येत नाही. जाळी विकतच आणावी लागते.' भाविनीने फोटो मोठा करून पाहिला. मग अंगणात पाहिलं. गाठ तीच होती.

"असलं बारीक होईल बाबा?" तिने विचारलं होतं.

"मासा कुठला धरायचाय?"

"मासा नाही धरायचा."

"मग जाळं कशाला?"

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी बांबूची कामटी तासून बोटाएवढी सुई करून दिली, आणि घरं एकसारखी यावीत म्हणून मापाला खराट्यातला एक हीर. तिची सासू चंद्रा माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "बरं झालं, आता घरातल्या माश्या धरू."

पहिली जाळी पुरी झाली तेव्हाच नारूंनी सांगितलं होतं. शेवटच्या गाठीपुढे हातभर सूत ठेवायचं. कापायचं नाही. त्यांची स्वतःची सगळी जाळी तशीच होती. जुनी, विटलेली, घुशींनी कुरतडलेली, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात हातभर दोरा.

"बाबा, तिथं पुढचं काही जोडायचं नाहीये," भाविनी आता म्हणाली. "चौसष्ट जणींचे चौसष्ट चौकोन. मशीनवर शिवून मोठा पडदा करणार आणि प्रदर्शनात लावणार. दोरा दिसला तर चौकोन बाद."

"जाळं संपलं असं म्हनायचं नाय. पुढचं जोडायला सूत ठेवायचं."

"पण पुढचं..." तिच्या तोंडून निघून गेलं, "इथे बंदर आलं, मासेमारी गेली, तर तुम्ही तरी पुढचं जाळं कशाला जोडाल?"

नारूंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. गेल्या वर्षी पोरांनी काळ्या रंगाने लिहिलेलं 'बंदर नको' तिथे होतं. पहिलं अक्षर उन्हाने फिकं झालं होतं.

"म्हनून तर ठेवायचं," ते म्हणाले आणि आपल्या जाळ्याकडे परत गेले.

भाविनी बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग तिने ग्रुपवर लिहिलं, 'ताई, शेपूट ठेवायचं आहे. माझा चौकोन अगदी कडेला घेतलात तरी चालेल.' पाठवल्यावर तिला वाटलं, हे ताईंना एकटीला लिहायला हवं होतं. पण पुसून टाकायच्या आतच उत्तर आलं. ताई बोलूनच पाठवायच्या. भाविनीने आवाज लहान करायला बटण दाबलं, ते उलटं दाबलं गेलं.

"अगं भाविनी बाळा," पुण्याचा मऊ आवाज अंगणभर झाला, "तुझी भावना कळते गं मला. पण शेपूट म्हणजे कामातला निष्काळजीपणा. येणारे लोक काय म्हणतील? तुला शिकवलं कोणी? त्यांनी फिनिशिंग काही शिकवलेलं दिसत नाही."

नारूंनी मान वर केली. "काय शिकवलं नाय?"

"फिनिशिंग."

"ते काय असतं?"

भाविनीला मराठी शब्द पटकन सुचेना. "शेवट करणं," ती म्हणाली.

नारू पुढचे दोन दात नसलेलं हसू हसले. "मग खरंच नाय शिकवलं."

भाविनी हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिला ते तोरण आठवलं.

चौकोनाचा पहिला फोटो तिने टाकला तेव्हाची गोष्ट. फोटो ती नेहमीसारखाच काढायची. इस्त्री केलेली पांढरी चादर, तिच्यावर चौकोन. चादरीच्या पलीकडचं अंगण, जाळी, सुकत घातलेली मासळी यातलं काही दिसू द्यायची नाही. गावही फक्त डहाणू असं सांगितलेलं. त्यावर सगळ्या म्हणायच्या, 'वा, चिकूचं गाव!' चौकोनात तिने दोन खांब भरले होते, त्यांच्यामध्ये दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगलेले बोंबील. ताईंनी लिहिलं होतं, 'किती नाजूक तोरण! आंब्याची पानं हुबेहूब!' पाठोपाठ चाळीस जणींनी टाळ्या पाठवल्या होत्या. आणि भाविनीने दोन जोडलेले हात पाठवून दिले होते.

ती उठली. चौकोन घेऊन नारूंच्या पुढ्यात गेली आणि त्यांच्या मांडीवरच्या हिरव्या जाळ्यावर तो पसरला.

"बाबा, हात असाच ठेवा. सुई धरलेला."

"माझा फोटो?"

"हाताचा."

फोटोत नारूंचा काळवंडलेल्या नखाचा अंगठा आला, हातभर दोरा आला, मागे बोंबलांच्या काठ्या आल्या, भिंतीवरचं 'नको' आलं. कोपऱ्यात जिजाचा वाळूने माखलेला पायही आला होता. तो फोटो तिने खोडला. पोरीचा पायसुद्धा अनोळखी दोनशे जणींना दाखवायचा नव्हता. जिजाला उचलून मागे बसवलं आणि पुन्हा काढला.

मग तिने उभ्यानेच लिहिलं : 'हे तोरण नाही. बोंबील आहेत, वाळत घातलेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी वाढवणची. गाठ मला माझ्या सासऱ्यांनी शिकवली, हा हात त्यांचा. आमच्याकडे जाळ्याच्या कोपऱ्यात सूत ठेवतात, पुढचं जोडायला. ते विसरून राहिलेलं नाही. शेपटासकट घेणार असाल तर पाठवते.'

पाठवलं आणि मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरून ती उभी राहिली.

एकीने लिहिलं, 'अगं बाई, बोंबील! ग्रुपवर वास सुटला की गं!' तिघी हसल्या. 'भरायचंच होतं तर मोरपीस भरायचं.' 'भिंतीवर काय लिहिलंय? आपल्याकडे राजकारण नको हं.' आणि मग ताई, या वेळी बोलून नव्हे, लिहून : 'सर्वांनी विषय थांबवावा. भाविनी, चौकोन बुधवारपर्यंत, नियमानुसार.'

भाविनीच्या अंगठ्याने 'सॉरी ताई' असं लिहिलं. सवयीनेच. तिने ते पाहिलं, आणि एकेक अक्षर खोडलं. मग लिहिलं, 'नियमानुसार नाही पाठवणार.'

ते पोचलं. त्यानंतर पडद्यावर एक करडी पट्टी आली. आता या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकणार होती.

चंद्रा बाजारातून आली तेव्हा सून मोबाइल उलटा ठेवून पडवीत बसलेली होती.

"काय झालं गो? नयनचा फोन आलेला काय बोटीवरून?"

"नाही आई. ग्रुपवर सगळ्यांचं तोंड बंद केलं त्या ताईंनी. माझ्यामुळे."

"किती जनी?"

"दोनशेबारा."

चंद्राने रिकामी पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून सुनेकडे नव्याने बघितलं. "दोनशे बायकांचं तोंड बंद केलंस? मला बाजारात चौघींचं जमत नाय!"

नारू जाळ्यामागून खोकल्यासारखं हसले. भाविनीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. तिने जिजाचं नाक पुसायचं निमित्त केलं.

बुधवार गेला. चौकोन तिने पाठवला नाही, पेटीतही ठेवला नाही. पडवीच्या खिळ्याला अडकवला. येता-जाता दोरा वाऱ्याने हलायचा आणि जिजा टाचा उंच करून तो धरायला बघायची. पाहता पाहता भाविनीच्या मनात पोरीच्या गळ्याला दोरा आवळल्याचं चित्र उभं राहायचं. ती उठून तो वर गुंडाळून ठेवायची. कापायची मात्र नाही. शुक्रवारी पडद्याचा फोटो आला. चौसष्ट चौकोन, कुठेही खाच नाही, कड सरळ. तिच्या जागी कुणाचंतरी मोरपीस होतं. सुंदर होतं. भाविनीने ते मोठं करून नीट पाहिलं. जाळी विकतची होती.

रविवारी सकाळीही लीलाकाकूंचा गुलाब आला नाही. ग्रुप बंद झाल्यापासून तो येतच नव्हता, तरी तिला ते जाणवलं. आणि दुपारी, जिजा नुकती झोपली असताना, एका नंबरवरून तिला एकटीला निरोप आला.

'भाविनी, मी अकोल्याची लीलाकाकू. तुझे फोटो बघून बघून गाठ शिकले, कुणाला सांगितलं नव्हतं. चौकोन केला होता, पण पाठवायला धीर होत नव्हता. आता तिकडे पाठवणार नाही. कोपऱ्यात दोरा ठेवला आहे. तुझ्याकडे कुठल्या पत्त्यावर पाठवू?'

खाली फोटो. स्टीलच्या ताटात ठेवलेला चौकोन, मध्ये भरलेलं कापसाचं फुटलेलं बोंड, थोडं वाकडं. आणि कोपऱ्यातून निघून ताटाच्या काठावरून खाली गेलेला दोरा, हातभराहून जास्तच.

भाविनी अनवाणीच उन्हात अंगण ओलांडून गेली. नारूंनी मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"कुठली ही?"

"अकोल्याची."

"समुद्र हाय तिथं?"

"नाही."

"मग गाठ कशी आली?"

"तुमचीच आहे ती. माझ्याकडून गेली."

तिने शिकवल्याप्रमाणे नारूंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "गाठ बरोबर हाय," ते म्हणाले. "घर मोठं घेतलंय. आपल्या घराशी जुळायचं नाय."

भाविनीचा चेहरा उतरला. नारूंनी मोबाइल तिच्या हातात दिला आणि ते उठून दाराआडच्या खराट्याकडे गेले. चार हीर चिमटीत फिरवून पाहिले, एक उपसला, भाविनीच्या हिराला लावून पाहिला, आणि बोटभर लांब मोडला.

"हा पाठव तिला, मापाला. सांग, दुसरा चौकोन यावर कर. तिथं नारळ नसतील."

"खराटा टकला करा माझा!" आतून चंद्रा ओरडली.

भाविनी तो हीर तळहातावर घेऊन उभी होती. मोबाइल पुन्हा थरथरला. नंबर ओळखीचा नव्हता. तिने वाचलं, आणि खराट्यापाशीच उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "अजून एक काढा."