हिरव्या दिव्यावरची सही

माझ्या यादीत एकतीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसमोर सहीची जागा. ज्याची सही त्याची मान, हे मी माझ्या नवऱ्याला, म्हणजे विश्वासला, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

इथे परदेशात, आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं सेन्सर तपासते. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तिथून एक तुकडाही बाहेर पडत नाही. त्यामुळे विश्वासने पंचेचाळिशी उलटल्यावर चौदा वर्षांची जुनी जीप घेतली आणि "पुलापलीकडे, शेजारच्या देशात, जोहोरच्या जंगलात जाऊ, मजा येईल" असं म्हणाला, तेव्हा मी भांडले नाही. एकच अट घातली. गाडीत काय असेल, काय नसेल आणि कुठली वस्तू कशी वापरायची, हे सगळं मी ठरवणार.

"म्हणजे मी फक्त चालवायची," विश्वास म्हणाला.

"तेवढी जमली तरी पुष्कळ," मी म्हटलं.

आता यात माझं काय चुकलं? हा माणूस सेंगकांगला आमच्या इमारतीच्या कारपार्कमध्ये दोनदा गाडीचे दिवे चालू ठेवून वर आलेला. मोबाइल चार्ज करायला लावतो आणि बटण दाबायला विसरतो. त्याच्या हातात जंगलात अडकलेली गाडी द्यायची, म्हणजे माकडाच्या हातात कोलीतच. मी महिनाभर बसून एकेक वस्तू निवडली. गाडी ओढायला नायलॉनचा जाड दोर, तो गाडीला अडकवायला किती टन झेपतात ते कोरलेले दोन लोखंडी शॅकल, फावडं, चाकाखाली घालायच्या फळ्या, आणि बोलायला दोन वॉकीटॉकी. तेही परवाना न लागणारे, कमी ताकदीचे, कारण इथे नियमाबाहेरचं काही मी गाडीत ठेवू देणार नव्हते.

दुसरा वॉकीटॉकी नागसेनकडे असायचा. नागसेन हा विश्वासचा मित्र, बिशानला राहतो, संशोधक आहे आणि त्याच्याकडे आमच्यापेक्षा मोठी, दणकट डिझेल गाडी आहे. जंगलात एकट्या गाडीने जायचं नसतं. एक रुतली तर दुसरीने ओढायची. दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही दोन्ही गाड्या घेऊन जोहोरला जाणार होतो आणि त्याआधी दसऱ्याच्या दिवशी लिम चू कांगला ओळखीच्या शेतमालकाच्या मागच्या पडीक जमिनीवर शेवटची तालीम करणार होतो.

आदल्या शनिवारीही एक तालीम झाली होती. तेव्हा नागसेनला माझ्या मोजणीतला "एक" ऐकूच आला नाही. हे स्वस्तातले सेट, मधलाच शब्द खातात. तो वाट बघत बसला आणि ओढायची वेळ निघून गेली. मी तिथल्या तिथे नियम केला. "मी 'तीन' म्हटलं की पुढचं तू मनात मोजायचंस आणि निघायचंस. थांबायचं असेल तर मी 'थांब' म्हणेन."

नागसेन बोलतो कमी. तरी त्याने विचारलं, "वहिनी, आणि तुमचा आवाजच नाही आला तर?"

"माझा सेट बंद पडत नाही," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि आपला सेट खिशात घालून घरी घेऊन गेला.

शुक्रवारी खंडेनवमी. माझ्या माहेरी त्या दिवशी वडिलांचे पाने, हातोड्या, करवत सगळं पाटावर यायचं, आणि जे हत्यार पोटाला घालतं त्याला एक दिवस विश्रांती मिळायची. मीही लाल कापड अंथरून दोर मांडला, शॅकल, फावडं, जॅक आणि माझा वॉकीटॉकी. त्याची बॅटरी सुटी होते, ती काढून शेजारी ठेवली. ओली हळद आणि कुंकू एकेका वस्तूला बोटाने लावलं. काळ्या प्लास्टिकवर कुंकू उठून दिसेना, म्हणून बॅटरी उलटी केली. तिच्या पाठीवर दोन छोटे सोनेरी ठिपके होते. तिथे छान दिसलं.

"त्या शॅकलला अक्षता चिकटल्यात," विश्वास म्हणाला.

"तू त्याला हात लावू नकोस."

रात्री बॅटरी सेटला लावली आणि सेट चार्जरवर उभा केला. हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे भरलेली. मी यादीतल्या सव्विसाव्या ओळीसमोर सही केली आणि झोपले.

शनिवारी सकाळी मी जीपच्या बंपरला झेंडूचा हार बांधला. झेंडू लिटल इंडियातून आणलेला, चांगला टपोरा. "तो वाटेत पडला तर उचल," मी विश्वासला बजावलं. "दसऱ्याचा हार पायाखाली तुडवायचा नाही." तो म्हणाला, "यादीत लिही, सही करतो." मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

नागसेन आधीच येऊन थांबला होता. त्याच्या घरी पूजा नसते. दसरा म्हणजे त्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि पाच वाजता कार्यक्रमाला पोचायचं म्हणून गाडीत इस्त्रीचा पांढरा सदरा टांगलेला होता. "दोन वाजता मला निघावं लागेल," तो म्हणाला.

रात्री पाऊस झाला होता. विश्वासने जीप मुद्दाम चरापाशी नेली आणि ती आम्हाला हवी होती त्याहून जास्त रुतली. पुढची चाकं अर्धी चिखलात गेली. शेतमालक अंकल लांबून ओरडले, "केअरफुल आह, दॅट साइड व्हेरी सॉफ्ट वन!" आणि कोंबड्यांकडे निघून गेले.

नागसेनने आपली गाडी जीपच्या पुढे, जीपकडे पाठ करून लावली. दोर त्याच्या गाडीच्या मागच्या हुकापासून जीपच्या पुढच्या हुकापर्यंत. हा दोर ताणला की लांबतो, मग जोरात आखडतो, आणि त्या हिसक्याने रुतलेली गाडी सुटते. त्या हिसक्याच्या वाटेत माणूस आला तर त्याचं काय होईल हे सांगायला नको. म्हणूनच एकोणिसावी ओळ: दोर लावल्यावर दोन्ही गाड्यांच्या मध्ये कुणी जायचं नाही. काचा बंद ठेवायच्या. मी एकटी बाहेर, बाजूला, लांब. विश्वासकडे वॉकीटॉकी नव्हता, त्याला मी हात वर करून खुणावणार होते.

पहिल्यांदा ओढलं. "तीन, दोन, एक." दोर ताणला, जीप हातभर पुढे आली आणि पुन्हा बसली. नागसेन दोर सैल करायला गाडी मागे घेऊन आला. माझा सेट मध्येच 'टुक' वाजला. सकाळपासून तो दोनदा तसा वाजला होता. ओल्या बोटाने बटण दाबलं जात असेल, असं मी धरून चालले. कारखान्यात कुणी 'असेल' म्हटलं तर मी त्याला उभा-आडवा घेते.

"तयार?" मी विचारलं.

"तयार," नागसेनचा आवाज आला.

मी विश्वासला हात वर करून दाखवला. तो काचेतून बघत होता, पण माझ्याकडे नाही. बंपरकडे. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "तीन."

आणि जीपचं दार उघडलं.

विश्वास खाली उतरला. पहिल्या हिसक्यात हार सुटला होता आणि चिखलात, बरोबर दोराखाली पडला होता. तो हार उचलायला गेला. मी सांगितलं होतं म्हणून गेला. वाकला, एक पाय दोराच्या अलीकडे, एक पलीकडे.

"थांब!" मी सेटवर ओरडले. "नागसेन, थांब!"

सेटने एक लांब 'टूंऽऽ' केलं आणि त्याचा दिवा विझला.

मी पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही. तोंडाने ओरडले, पण नागसेनची काच बंद, एसी चालू आणि डिझेलचं इंजिन घुरघुरत होतं. काचा मीच बंद करायला लावल्या होत्या. विश्वासने माझी हाक ऐकून मान वर केली आणि माझ्याकडे हार उचलून दाखवला. हसला. सापडला, म्हणून.

नागसेनची गाडी हलली.

एकोणिसावी ओळ वगैरे सगळं विसरून मी धावले. चिखलातून दोन पावलं पडली असतील, तिसऱ्याला कळलं की पोचत नाही. हातात ते मेलेलं यंत्र होतं. रागात वस्तू फेकायची मला लहानपणापासून वाईट खोड आहे. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन खड्डे आहेत, एक लाटण्याचा आणि एक कुकरच्या झाकणाचा. पण त्या वेळी राग नव्हता. डोळ्यांसमोर दोन पायांमधून वर येणारा दोर होता. मी जीव खाऊन सेट फेकला.

तो नागसेनच्या मागच्या दारावर धाडकन आदळला. ब्रेकचे दिवे लागले.

तोवर दोर ताणला गेला होता. पुरता नाही, अर्धामुर्धा. तेवढ्यानेही त्याने विश्वासला मांडीत धरून उचललं आणि बाजूला चिखलात फेकलं. जीप वीतभर पुढे सरकली आणि तो जिथे वाकला होता, तिथे बंपर येऊन थांबला.

मी त्याच्यापाशी पोचले तेव्हा तो उताणा पडला होता. हार हातातच होता. "पाय हलव," मी म्हटलं. त्याने हलवला. "दुसरा." दुसराही हलला. मग मी त्याच्यावर तोंड सोडलं. गाढवा म्हटलं, बेअक्कल म्हटलं, गाडीतून उतरायला कुणी सांगितलं होतं म्हटलं. तो पडल्या पडल्या ऐकत होता. एकदाच म्हणाला, "अगं, पायाखाली आला असता."

नागसेन धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला 'तीन' ऐकू आलं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "वहिनी, मला फक्त 'तीन' ऐकू आलं." मग विश्वासला टेकवून बसवल्यावर तो मागे गेला आणि सेट उचलून घेऊन आला. आपटून त्याची बॅटरी सुटली होती. त्याने ती उलटी केली आणि बघत राहिला.

मीही बघितलं. बॅटरीच्या पाठीवरचे दोन सोनेरी ठिपके दिसत नव्हते. त्यांच्यावर हळदकुंकवाची पापडी वाळून बसली होती. चार्जरच्या दोन टोकांनी जिथे टेकायचं, नेमकं तिथे. रात्रभर तो चार्जर, खोबण रिकामी असल्यासारखा, हिरवा दिवा दाखवत राहिला होता. भरली तरी हिरवा, काही लावलंच नाही तरी हिरवा. सोळा वर्षं मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, की दिव्यावर विश्वास ठेवू नका, आतला आकडा बघा.

"ही चार्ज झालीच नव्हती," नागसेन हळू म्हणाला. "कुणी लावली होती?"

"मी," विश्वास म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो चिखलात बसून मांडी चोळत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"मीच लावली," तो म्हणाला. "बघितलं नाही नीट. मोबाइलचं पण माझं असंच होतं."

नागसेनने मान हलवली. त्याला पटलं. कुणालाही पटलं असतं, कारण महिनाभर त्याच्यादेखत मी याला विसराळू म्हणून झोडपत आले होते. यादी जीपच्या सीटवर पडलेली होती, ती उघडून बघायचं त्याच्या मनातही आलं नसतं. आणि खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दोनच मिनिटांपूर्वी मरता मरता वाचलेला माणूस माझी चूक आपल्या अंगावर घेत होता आणि मी ती देऊन टाकायला तयार होते. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"सव्विसावी ओळ," मी म्हटलं. "सही माझी आहे. कुंकू मी लावलं, चार्जरवर मी ठेवली. तो खोटं बोलतोय."

लांब कोंबड्या ओरडत होत्या.

"नियमही माझाच," मी म्हटलं. "तू विचारलं होतंस."

"मी 'बरं' म्हटलं होतं," नागसेन म्हणाला. "पटलं नव्हतं, तरी म्हटलं. ते माझं." त्याने खिशातून रुमाल काढून ते दोन ठिपके पुसले आणि बॅटरी माझ्या हातात दिली. रुमालाला लाल-पिवळा डाग पडला. "पाचच्या कार्यक्रमाला हाच नेणार होतो," तो म्हणाला आणि कसंनुसं हसला.

जीप अजून चिखलातच होती. ती काढल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. मी यादी आणली, जुना नियम खोडला आणि लिहिलं, 'ओढ' हा शब्द ऐकू आल्याशिवाय ओढायचं नाही. खाली तिघांनी सह्या केल्या. विश्वासच्या सहीवर चिखलाचा अंगठा उमटला.

वॉकीटॉकी आता एकच उरला होता, म्हणजे एकही नाही. नागसेनने आपल्या शेजारच्या सीटवर मला बसवलं, तोंड मागे करून. मागच्या काचेतून मला दोर दिसत होता, जीप दिसत होती आणि आत विश्वास. झेंडूचा हार त्याने आपल्या गळ्यात घातला होता. दोन्ही हात त्याने स्टिअरिंगवर उंच धरले होते, मला दिसावेत म्हणून.

"वहिनी, सांगा," नागसेन म्हणाला.

आयुष्यभर हुकूम सोडणाऱ्या माझ्या तोंडून तो एक शब्द निघेना. मी त्याचे हात बघत होते. उजवा, डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. नागसेनने घाई केली नाही. दोन वाजून गेले होते आणि सदरा तसाच टांगलेला होता.

मागे विश्वासने मान हलवली. मी आहे इथेच, अशी.

"ओढ," मी म्हटलं.