ना सपाट, ना उठावाचं

माझ्या वहिनीने विणलेला गुलाब गेल्या वर्षी लेसच्या स्पर्धेत बाद झाला, कारण त्याच्या पाकळ्या उठल्या होत्या. यंदा तोच गुलाब बाद झाला, कारण त्या पुरेशा उठल्या नव्हत्या. गुलाब तोच, परीक्षकही तेच.

स्पर्धेत दोन विभाग असतात. सपाट कामावरून परीक्षक पोस्टकार्ड सरकवतात. अडलं की बाद. उठावाच्या कामात पाकळीखाली बोट जायला हवं. नाही गेलं की बाद. वहिनीच्या पाकळीला पोस्टकार्ड तर अडतं, पण खाली बोट जात नाही. अशा पाकळीचं काय करायचं, हे नियम करणाऱ्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी कधी क्रोशाची सुई हातात धरली असेल, असा माझा आरोप नाही.

"बोट जात नाही, बाई," परीक्षक म्हणाले. त्यांना सगळे मागून फुटपट्टी म्हणतात.

"तुमचं बोट जाडं आहे."

"नियमात बोट म्हटलंय. कुणाचं, ते म्हटलेलं नाही."

"मग माझं घालते."

"स्पर्धकाने कामाला हात लावायचा नाही."

"मग विणायचं काय पायाने?"

मी तिची बाही ओढली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुईला सक्त मनाई केली होती. म्हणजे ही लेस शेवटचीच. बक्षिसाची हाव नव्हती तिला. एकदा ती हॉलच्या भिंतीवर लागावी, चार माणसांनी पाहावी, एवढंच. आणि भिंतीवर फक्त पास झालेलं काम लागायचं.

"सपाटात घ्या मग," ती म्हणाली.

"सपाटाची तपासणी यंदा जेवणानंतर," असं म्हणून फुटपट्टी हात धुवायला गेले.

वहिनीने लेसवर पाण्याचा हात फिरवला, दोन रुमालांच्या मधे ती पसरली आणि फुटपट्टीसाहेबांच्या खुर्चीवरच्या जाड उशीखाली सरकवली.

"वहिनी, हे काय?"

"भाऊजी, तुम्ही गप्प जेवा."

साहेब आले, बसले, डबा उघडला. देहाने भरलेले आणि चवीने खाणारे. वर सपाटपणा या विषयावर बसल्या बसल्या भाषणही केलं. त्यांचं भाषण लांबावं, असं मला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

ते तपासणीला उठून टेबलापाशी पोचले, तोवर उशीखालची लेस टेबलावर. पोस्टकार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कुठे शिंकलंसुद्धा नाही.

"गेल्या वर्षी हे अडलं होतं!"

"गेल्या वर्षी तपासणी जेवणाआधी होती," वहिनी म्हणाली.

लेस पास झाली, भिंतीवर लागली. दोरा वाळत गेला तशा पाकळ्या हळूहळू माना वर काढू लागल्या. फुटपट्टी पोस्टकार्ड परजत तरातरा आले. वहिनीने शेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं: "वस्तूंना हात लावू नये." खाली सही साहेबांचीच.

"अहो, मी परीक्षक आहे!"

"कुणाचा हात, ते म्हटलेलं नाही."

मागून एक बाई वैतागून म्हणाली, "जरा बाजूला व्हा हो, गुलाब दिसत नाही."