नाल्यापार गेलेली बाज

सागवानाच्या चार पायांची, अंबाडीच्या दोरीने विणलेली मी एक जुनी बाज. मित्रांनो, लाकडाला मन नसतं असं तुम्ही म्हणाल. पण मला आहे, आणि त्या मनात हेवा फार आहे.

माझं घर भद्रावतीकडच्या एका गावात, नाल्याच्या अलीकडे. देवाजीच्या लग्नाच्या वर्षी झाडू नावाच्या सुताराने मला घडवलं. दोरी मात्र देवाजीने स्वतः वळली आणि स्वतःच विणली. त्याची बायको मनकर्णा बाळंतीण झाली ती माझ्यावरच. खाली शेगडीची धग, वर इवलासा बापूराव. दर उन्हाळ्यात देवाजी माझी पायथ्याची दोरी ताणून घ्यायचा आणि म्हणायचा, "माया बाजेसारखी झोप राजालेई लागत नसन." मी फुलून जायची.

पुढे बापूराव माजरीच्या कोळसा खाणीत कामाला लागला आणि बापासाठी त्याने लोखंडी पलंग आणला. निळा रंग, वर कापसाची जाड गादी. बायका तो पाहायला आल्या. रुखमाबाईने गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, "देवाजीभाऊ, आता तुमी सायेब झाले!" देवाजी लाजला, पण निजला पलंगावरच. मला अंगणात काढलं. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या, कोंबड्या बसू लागल्या. उघड्या दारातून मला तो निळा पलंग दिसायचा, आणि मी आतल्या आत जळायची.

शहाऐंशी सालच्या थंडीतली ती सकाळ. देवाजी वावरातून आला तो छाती धरूनच. माझ्याकडे पाहिलंही नाही, थेट आत जाऊन पलंगावर बसला.

"काय झालं?" मनकर्णाने विचारलं.

"छातीवर कोणी जातं ठेवल्यावानी वाटते."

"वांग्याची भाजी बाधली असन. गॅस झाला. ओवा खा."

ओवा चावला, आणि लगेच उलटी झाली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मनकर्णा घाबरली. त्या दिवशी कुंता नर्सबाई गावात लेकरांना सुया द्यायला आली होती. मनकर्णाने तिला दारातूनच हाक मारली.

कुंताने त्याच्या कपाळाला हात लावला. "दुखणं कुठवर जाते, भाऊ?"

"डाव्या हातात. जबड्यातई ठणकते. दम लागून राह्यला."

"इतक्या थंडीत घामानं बंडी ओली झाली," कुंता म्हणाली. "बाई, गॅस समजून बसू नका. हा हृदयाचा झटका असू शकते. असन-नसन ते डॉक्टर पाह्यतीन. आपण थांबाचं नाई."

"थोडं पडतो, बरं वाटन," देवाजी म्हणाला. कोणी ऐकेना तेव्हा तो उठू लागला. "मंग नाल्यापर्यंत चालत येतो. मले काय पाय नाईत?"

"एक पाऊल टाकाचं नाई!" कुंता ओरडली. "चाललात तर हृदयावर जोर येते."

नाल्यावर पूल नव्हता. गाडी पलीकडच्या सडकेवरच मिळायची. बापूराव घरीच होता. तो म्हणाला, "पलंगच उचलू!" धावून आलेल्या चौघांनी जोर लावला. पण पलंग आत आला होता तो सुटा सुटा. जोडलेला तो दारातून निघेना. आणि मित्रांनो, त्या घटकेला, माझा देवाजी कण्हत असताना, मला आनंद झाला!

"बाहेरची बाज आणा," कुंता म्हणाली.

मिरच्या धुळीत पडल्या. देवाजी माझ्यावर आला. पण कुंताने पलंगाची गादी मागवली, तिची घडी करून त्याच्या पाठीशी लावली, आणि त्याला अर्धवट बसतं केलं. पुन्हा ती गादी! माझ्या अंगावर! पण तिला टेकल्यावर त्याचा श्वास जरा सैल झाला, आणि मी ती गादी सोसली. कुंताने बंडीच्या गुंड्या सोडल्या. चहा घेऊन येणाऱ्या रुखमाबाईला तिने हातानेच थांबवलं. "आता खायाले-प्यायाले काई देऊ नका."

बापूराव गाडी थांबवायला पुढे पळाला. गावातल्या पोचू, डोमा आणि आणखी दोघांनी मला खांद्यावर घेतलं. नाल्याचं पाणी गार, दगड निसरडे. देवाजीने माझी दांडी घट्ट धरली होती. "मनकर्णे, मी वाचन का?" त्याने विचारलं. ती शेजारून पाण्यातून चालत होती. "बोलू नका," एवढंच म्हणाली.

सडकेवर एका ठेकेदाराची जीप उभी होती. देवाजीला उचलून तिच्यात ठेवलं. मनकर्णा गेली, कुंता गेली, बापूराव गेला. गादीसुद्धा त्याच्यासोबत गेली. मी सडकेच्या कडेला रिकामी उरले. मग पोचू-डोमाने मला परत अंगणात आणून टाकलं.

परतल्यावर मनकर्णाने शेजारणींना सारं सांगितलं. भद्रावतीला डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि लगेच चंद्रपूरला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलं." तिथल्या खाटेची मूठ फिरवली की डोक्याची बाजू वर येते म्हणे. घ्या, आता मला तिचाही हेवा वाटू लागला.

देवाजी घरी आला, वाळलेला, हळूहळू चालणारा. निजला पलंगावरच. एका दुपारी मात्र तो माझ्याजवळ आला, माझ्या विणीवरून हात फिरवला आणि बापूरावाकडून दोरी ताणून घेतली. मला वाटलं, आला माझा देवाजी परत!

तो म्हणाला, "इले विहारात नेऊन ठेव. पूल होयेपर्यंत कोणालेई लागन."

त्याने मला देऊन टाकलं.

तेव्हापासून मी बुद्धविहाराच्या भिंतीला टेकून उभी असते. उचलायला सोपं जावं म्हणून माझ्या दोन्ही अंगांना बांबू बांधले आहेत. गावातल्या बायनाबाईची छाती दुखली, तेव्हा तिच्या सुनेने वाट पाहिली नाही. बायनाबाई आज नातवंडं खेळवते. सोमाजीच्या घरच्यांनी मात्र गॅस, गॅस म्हणत दिवस घालवला. त्याला मी नाल्यापार नेलं, आणि घरी परत आणलं तेही मीच. त्या वेळी माझी दांडी कोणी धरली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची छाती दाबल्यासारखी दुखली, दुखणं हातात-जबड्यात गेलं, गार घाम सुटला, दम लागला, तर ओवा शोधत बसू नका. त्याला चालवू नका. टेकवून बसवा, आणि गाडी बोलवा. शंका खोटी निघाली तर हसून घरी या.

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून देवाजी रोज विहारापर्यंत फिरायला येतो. माझ्यावर बसत नाही. जरा उभा राहतो, आणि पलंगावर निजायला घरी जातो. मी जळते. आणि उद्या तो पुन्हा येईल म्हणून रस्त्याकडे पाहत राहते.