डाव्या हाताची बाही

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," म्हातारा म्हणाला, आणि लेकीच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेऊन अर्धी स्वतःच रिकामी केली, "पण नुसत्या खोकल्यावर मी एक स्पर्धा गाजवलीय. समोरचा नेम धरायला वाकला, की माझ्या घशात खवखव. तिसऱ्या दिवशी त्याच्याच घरचे मला डॉक्टरकडे घेऊन गेले."

"बाबा, आत्ता नको."

"बरं. मग नंतर सांगतो."

मागच्या खोलीतल्या बाकावर बसून लेक डाव्या बाहीचं बटण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. भिंतीपलीकडे पूलचा, म्हणजे टेबलावर काठीने बॉल घालायच्या खेळाचा, अंतिम सामना आठ-आठ डावांवर अडकला होता. जी आपला नववा डाव जिंकेल तिला पुढच्या वर्षी व्यावसायिक साखळीत जागा. जागा एकच, आणि सहा वर्षं ती हिला हुलकावणी देत होती. हा शेवटचा डाव ऐन रंगात आला, हिचा शॉट झाला, आणि खडूवालीने हात वर करून बाथरूमला जायची परवानगी मागितली. आज चौथ्यांदा.

खडूवाली हे नाव सगळ्या हॉलने मिळून ठेवलेलं. प्रत्येक शॉटआधी ती क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला असा खडू लावायची, जणू सुरीला धार काढतेय, आणि फुंकर मारायची ती नेमकी हिच्या बाजूला. ही वाकली, की टेबलाच्या समोरच्या पॉकेटच्या बरोबर मागे खडूवाली खुर्चीत पाय बदलून बसायची. पांढरा बॉल तर पंचाकडून तिने पाच वेळा पुसून घेतला होता. सगळं नियमात. हिने दात-ओठ खाण्यापलीकडे करायचं काय?

"हात टेकले मी," लेक म्हणाली. "घड्याळ लावून बघा बाबा, दीड मिनिट खडू लावते बाई. तेवढ्यात माणूस दाढी करून येईल."

"मग तूही कर."

"दाढी?"

"खोड्या गं."

कोपऱ्यातल्या टेबलावर मौनीबाबा लेकीच्या क्यूच्या टोकावरचं चामडं कानशीने गोल करत होता. वीस वर्षं तो याच खोलीत खेळाडूंचे क्यू दुरुस्त करत बसलेला. 'हं' आणि 'उद्या' याखेरीज त्याच्या तोंडून तिसरा शब्द ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पूर्वी तोही खेळायचा, असं म्हणत. त्याला विचारलं की तो म्हणायचा, 'हं.'

लेकीने आवाज खाली आणला.

"बाबा, मघाचा माझा शॉट..."

"सुरेख! पांढरा बॉल नऊ नंबरच्या मागे असा लपवलास की जो आधी मारायचा तो सात नंबर तिला दिसतसुद्धा नाही."

"माझी बाही आठ नंबरच्या बॉलला लागली."

म्हाताऱ्याने बाटलीचं झाकण लावता लावता हात थांबवला.

"हलला?"

"केसभर. पण लागला म्हणजे फाउलच."

"पंचाने पाहिलं?"

"नाही."

"तिने?"

"ती खडू लावत होती."

एरवी दोघंही हसली असती. फाउल म्हणजे पांढरा बॉल उचलून हवा तिथे ठेवायची मुभा, आणि टेबलावर उरलेले तीन बॉल. खडूवालीने ते डोळे मिटून घातले असते. तिने परत येऊन शॉट मारेपर्यंत सांगायची वेळ होती. एकदा मारला, की विषय संपला.

"आणि मी का बोलू?" लेक एकदम उसळली. "सकाळपासून जिने माझ्या नाकी नऊ आणलेत, तिच्यासाठी? मी साधू आहे का?"

"मुळीच बोलू नकोस," म्हाताऱ्याने स्टूल पुढे ओढलं. "ऐक. तुझा जन्म व्हायचा होता. असाच अंतिम सामना, असाच शेवटचा डाव, अशीच मेली बाही. नऊ नंबर बोटभर सरकला! इतका, की त्या बॉलनेच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पंच जांभई देत होता. मी छताकडे बघत पंखे मोजले. चार होते, एक बंद. ब्र काढला नाही. समोरच्याचा शॉट चुकला, उरलेले बॉल मी साफ केले. चषक एवढा," त्याने दोन्ही हात ताणले, "की दारातून आडवा करून आत आणावा लागला."

कानशीचा आवाज थांबला होता.

"मग झोप लागली तुम्हाला?"

"असा घोरलो, की शेजारी तक्रार घेऊन आले."

"आणि तो चषक कुठाय? मागे म्हणालात घर बदलताना हरवला. त्याआधी म्हणालात चोरीला गेला."

"आधी हरवला. मग चोरीला गेला."

दारात सामन्याचा शिपाई डोकावला. "चला ताई, त्या आल्या परत."

ती उठली. बाहीचं बटण लावलं, आणि क्यूसाठी हात पुढे केला. मौनीबाबाने क्यू दिला, पण आपल्या बाजूचं टोक सोडलं नाही.

"थापा मारतोय हा," तो म्हणाला.

बापलेक दोघंही त्याच्याकडे बघतच राहिले.

"ए, तू गप रे!" म्हातारा ओरडला. "वीस वर्षं गप्प होतास, तर अजून पाच मिनिटं काय जड झाली?"

मौनीबाबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो तिच्याशीच बोलत होता, सवय नसल्यासारखा, एकेक शब्द शोधत.

"समोर मी होतो, ताई. बाही लागलेली मी पाहिली नाही. पंचानेही नाही. यानेच हात वर केला. चषक आमच्या घरी आहे. एवढासा. बायको त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते."

त्याने क्यू सोडला. कानस उचलून तिच्यावरची भुकटी अंगठ्याने पुसली.

"आणि खोकत होतो, तो मी."