चुंबकबाबाचं पिंप

गोदामाबाहेरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आत पत्र्याच्या मोठ्या पिंपात माणसाला आडवं सरकवत, मिनिटभर धडधड होई, आणि चुंबकबाबा त्याच्या मेंदूचा फोटो उजेडात धरी.

"हॉस्पिटलात सहा मिनिटं लागतात, इथं एक. तिथं नुसतं बघतात, माझं चुंबक दोष ओढूनही घेतं."

लोक हात जोडत होते. रांगेत माझा धाकटा भाऊ खुर्चीत कलंडला होता. तोंड वाकडं, उजवा हात लोंबलेला. सकाळी सातपासून. आता साडेबारा झाले होते.

"हॉस्पिटलात का नाही नेलंस गं?" मी भावजयीला विचारलं.

"वन्सं, तुम्हाला सात वेळा फोन केला. शेजारी म्हणाले, इथं लवकर होतं."

माझा फोन कपाटात होता. हॉस्पिटलच्या एमआरआय खोलीच्या दाराशी माझी नोकरी. तिथलं चुंबक लोखंड खेचतं, म्हणून आत जाणाऱ्यांच्या किल्ल्या, घड्याळं, केसांतले आकडे काढून घ्यायचे. आपलंही आधी काढून ठेवायचं. दुपारी आकडे परत केसांत खोवायला कपाट उघडलं, तेव्हा तिचे फोन दिसले आणि मी इथं धावत आले. पूर्वी तपासणीला पाऊण तास लागे, रोगी हलला की चित्र फिसकटे. मग झटपट तपासणी आली. मेंदूचा कुठला भाग गेला, कुठला अजून वाचेल, हे सहा मिनिटांत कळू लागलं. बाबाने तीच कीर्ती चोरली होती.

पिंपातून एक बाई बाहेर आली. अंबाड्यातले आकडे जागच्या जागी. मी माझा आकडा काढून पिंपाला लावला. तो खाली पडला.

"बाबा, एवढा आकडा ओढवेना, आणि डोक्यातला दोष ओढणार?"

"श्रद्धा नसली की चुंबक झोपतं, ताई."

"आमचं नाही झोपत. खोलीला कुलूप घातलं तरी जागं असतं."

मी मागचा पडदा ओढला. कपडे धुण्याचं जुनं यंत्र रिकामंच धडधडत होतं. शेजारी रद्दीतल्या फिल्मांची चळत, नावांचे कोपरे कापलेले. एका आजोबांना मेंदू म्हणून दिलेला फोटो गुडघ्याचा होता. आम्ही भावाला रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं.

आमच्या यंत्राने सहा मिनिटांत सांगितलं. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "सकाळी आणलं असतं, तर यातलं बरंच वाचलं असतं."

भाऊ अकरा वर्षं जगला, एक शब्द न बोलता. त्या सात फोनांबद्दल भावजयीने मला कधी बोल लावला नाही.

कुणी चमत्कार दाखवला, तर आधी केसांतला आकडा लावून बघा. पण घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तेवढंही थांबू नका. हॉस्पिटल गाठा.